तिसरी किल्ली

मामांचं म्हणणं थोडक्यात असं: कुलूप हवं, पण बोलणाऱ्या दोघांखेरीज त्याची तिसरी एक किल्ली सरकारजमा असली पाहिजे. मामा मूळचे बेळगावचे. सगळी नोकरी कर्नाटक पोलीस खात्यात आणि तीही बरीचशी बेंगळुरूत. 2001 साली पॅलेस रोडवरच्या कार्लटन हाऊसमध्ये, सीआयडीच्या मुख्यालयात, देशातलं पहिलं सायबर गुन्हे पोलीस ठाणं सुरू झालं. संगणकावरच्या गुन्ह्यांशी त्यांचा संबंध आला तो त्या सुमारास. माझं काम नेमकं दुसऱ्या बाजूचं आहे. लोकांचे संदेश, पैसे आणि माहिती ज्या गणितानं झाकली जाते, ते गणित प्रत्यक्षात नीट बसवलंय की नाही, हे मी तपासते. आमचं पुढचं बोलणं एका बैठकीत झालेलं नाही, पण वाद एकच असल्यामुळे सलग लिहिते आहे.

"तुला आकडेमोड दिसते, मला फिर्यादी दिसतो," मामा म्हणाले. "जयनगरात राहणारा सत्तरीचा माणूस. व्हिडिओ कॉल येतो. समोर खाकी वर्दी, मागे ठाण्यासारखी भिंत, हातात सर्वोच्च न्यायालयाच्या शिक्क्याचं बनावट पत्र. 'तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे.' अशी अटक आपल्या कुठल्याही कायद्यात नाही. पण घाबरलेला माणूस दोन दोन दिवस कॅमेऱ्यासमोरून हलत नाही, मुदतठेवी मोडून पैसे पाठवत राहतो. आणि ज्या ॲपवर हे सगळं चालतं, तिथे लिहिलेलं असतं की तुमचं संभाषण सुरक्षित आहे. कुणापासून सुरक्षित? माझ्यापासून!"

"त्या माणसाचा संदेश वाटेत कुणी वाचला नाही आणि बदललाही नाही," मी म्हटलं. "घात झाला तो समोर कोण आहे हे त्याला कळलं नाही म्हणून. गुप्तता वेगळी, ओळख वेगळी. एन्क्रिप्शननं पहिली सांभाळली. दुसरीची हमी त्यानं घेतलीच नव्हती."

"मग तसं लिहायला हवं होतं तिथे," मामा म्हणाले. ते बरोबरच बोलत होते.

त्यांना मुळापासून समजून घ्यायचं होतं, म्हणून मी महानुभावांपासून सुरुवात केली. कूटलेखनाचं याहून जवळचं उदाहरण मराठी माणसाला सापडणार नाही. चक्रधरस्वामींच्या पंथानं आपले ग्रंथ सकळ, सुंदरी, वज्र अशा सांकेतिक लिप्यांत नकलून ठेवले. सकळ लिपीचं श्रेय रवळोबासांना दिलं जातं. तत्त्व साधं होतं: ठरलेल्या अक्षराच्या जागी ठरलेलं दुसरं अक्षर किंवा चिन्ह लिहायचं. पंथ पंजाबात आणि थेट पेशावरपर्यंत पोचला. तिकडेही पोथ्या गेल्या, पण बाहेरच्या माणसाला शतकानुशतकं त्यातलं काही वाचता आलं नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपीचा उलगडा केला आणि त्या पोथ्यांमधलं साहित्य अभ्यासकांपुढे खुलं होऊ लागलं. मराठी गद्याचा इतिहास तेराव्या शतकापर्यंत मागे नेणारं लीळाचरित्र याच पंथाचं.

"म्हणजे कुलूप चांगलं पाच-सहाशे वर्षं टिकलं की!"

"टिकलं, कारण नेटानं तोडायला कुणी बसलं नव्हतं. आणि उघडलं तेव्हा सगळं एकदम उघडलं. एक पोथी वाचता आली की त्या लिपीतली प्रत्येक पोथी वाचता आली. तिथे पद्धत हीच किल्ली होती. शिवाय अक्षराचं रूप बदललं तरी ते मजकुरात किती वेळा येतं हे बदलत नाही. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीनं हे लिहून ठेवलंय. ज्या खुणा सगळ्यात जास्त वेळा येतात त्यांच्या जागी भाषेतली सगळ्यात जास्त येणारी अक्षरं घालून बघायची. उरलेलं हळूहळू सुटत जातं."

"मग पद्धत आणखी लपवायची."

"नाही मामा, उलट ती उघडी करायची. 1883 साली ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी लष्करी कूटलेखनावर लिहिताना हा नियम घालून दिला. यंत्र शत्रूच्या हाती पडलं तरी बिघडता कामा नये. सारं बळ किल्लीत असावं, कारण किल्ली रोज बदलता येते आणि पद्धत बदलायला वर्षं लागतात."

मामांना हे पटेना. पद्धत जगजाहीर करायची आणि वर तिला सुरक्षित म्हणायचं, हे तपास अधिकाऱ्याच्या मनाला मानवत नाही. मी त्यांना एईएस या कूटपद्धतीची हकीकत सांगितली. 1997 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेनं नव्या कूटपद्धतीसाठी जगभरातून प्रस्ताव मागवले. पंधरा प्रस्ताव स्पर्धेत उतरले. प्रत्येक गटानं आपली रचना उघड मांडायची आणि बाकीच्यांनी ती फोडून दाखवायची. या धुमश्चक्रीतून योआन डाएमन आणि व्हिन्सेंट राइमेन या दोन बेल्जियन तज्ज्ञांची रचना तरली आणि 2001 मध्ये मानक झाली. आज तुमच्या बँकेच्या ॲपमध्ये, लॅपटॉपच्या डिस्कवर, घरच्या वायफायमध्ये तीच असते. तिची प्रत्येक पायरी पुस्तकांत छापलेली आहे. 256 बिटांच्या किल्लीचे पर्याय मोजायला गेलं तर 78 आकडी संख्या होते. एकेक किल्ली लावून बघणं कुठल्याही यंत्राच्या आवाक्यातलं नाही.

"ठीक. पद्धत उघडी, किल्ली गुप्त. पण ती किल्ली तू माझ्यापर्यंत पोचवणार कशी?"

गुप्तलेखनातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे, आणि मामा त्यावर आपणहून आले. महानुभावांची किल्ली गुरूकडून शिष्याकडे समक्ष जात असे. सैन्याची संकेतपुस्तकं विश्वासातला माणूस घेऊन जाई. पण ज्या दोघांची कधी भेटच झालेली नाही, त्यांनी उघड्या तारेवरून किल्ली ठरवायची कशी? 1976 साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी तो मार्ग प्रसिद्ध केला. तो मी वहीत लिहून दाखवला, कारण हा प्रकार तोंडी सांगितला तर कुणाचाच विश्वास बसत नाही.

"23 आणि 5 हे आकडे आपण मोठ्यानं ठरवू. कुणी ऐकलं तरी ऐकू दे. तुम्ही मनात 6 धरा, मी 15 धरते. हे मात्र कुणाला सांगायचं नाही. 5 चा सहावा घात 15,625. त्याला 23 नं भागल्यावर बाकी उरते 8. ही बाकी मला सगळ्यांदेखत सांगा. मीही 5 चा पंधरावा घात काढून 23 नं भागते. माझी बाकी येते 19, ती मी तुम्हाला सगळ्यांदेखत सांगते. आता तुम्ही माझ्या 19 चा सहावा घात काढा आणि 23 नं भागा."

मामांनी चष्मा लावून गुणाकार केले. "4,70,45,881. भागून बाकी 2."

"तुमच्या 8 चा पंधरावा घात घेऊन मी 23 नं भागलं तरी 2 च उरतात. ही आपली किल्ली. ऐकणाऱ्यानं 23, 5, 8 आणि 19 ऐकले. 2 हा आकडा कुणी उच्चारलाच नाही."

"तुझा 15 तर मी पाच मिनिटांत शोधून काढतो."

"23 आहे म्हणून. खऱ्या वापरात त्या जागी सहाशे-सातशे आकडी संख्या असते. सरळ जायला क्षणभर पुरतो. उलटं यायला आज माहीत असलेला कुठलाही मार्ग कामाचा नाही."

मामा बराच वेळ वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "थांब. फोनच्या त्या टोकाला तूच आहेस हे मला कुणी सांगितलं? मधे एक जण बसला. माझ्याशी तुझ्या नावानं बोलला, तुझ्याशी माझ्या नावानं. मग तुझी किल्ली त्याच्याशी ठरेल आणि माझीही त्याच्याशीच. दोघंही समजणार की आपण गुप्त बोलतोय."

डिफी-हेलमन पद्धतीतलं नेमकं भोक हेच. अभ्यासक्रमात ते पुढच्या धड्यात येतं. मामांनी ते पोलिसी संशयानं पकडलं. पंचनाम्यावर सही करणारा पंच खरा कोण, हे विचारण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला हा प्रश्न पडणारच. या वादात मामांचं पारडं जिथे जड झालं ती ही जागा, आणि ते इथे नोंदवायलाच हवं.

उत्तरासाठी मी त्यांना कोडिगेहळ्ळीला नेलं, म्हणजे बोलण्यात. आधार प्राधिकरणाचं तंत्रज्ञान केंद्र बेंगळुरूत त्या भागात आहे. पहिला आधार क्रमांक दिला गेला 29 सप्टेंबर 2010 रोजी, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. आज टेंभलीतल्या रेशन दुकानात कुणी बोट ठेवलं तर त्या ठशाचा तपशील उघड्या तारेवरून जाऊन चालणार नाही. दुकानातलं यंत्र त्या एका व्यवहारापुरती नवी किल्ली तयार करतं आणि तिनं तो तपशील एईएसनं बंद करतं. मग तीच छोटी किल्ली प्राधिकरणाच्या 2048 बिटांच्या सार्वजनिक किल्लीनं बंद करून सोबत पाठवतं. सार्वजनिक किल्ली म्हणजे गावभर वाटलेली उघडी कुलपं. खटका दाबून ते कुणीही लावू शकतं, पण उघडण्याची किल्ली कुलपं वाटणाऱ्याकडेच राहते. ही रचना 1977 मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी मांडली, त्यांच्या आद्याक्षरांवरून तिला आरएसए म्हणतात. ब्रिटनच्या गुप्तवार्ता खात्यात क्लिफर्ड कॉक्स यांनी 1973 मध्येच ती शोधली होती, पण ते 1997 पर्यंत बाहेर आलं नाही.

"आणि हीच जोडी उलटी वापरली की सही होते. माझ्याकडच्या खासगी किल्लीनं मी खूण करायची. माझी सार्वजनिक किल्ली ज्याच्याकडे आहे तो कुणीही ती ताडून बघेल. सही अख्ख्या दस्तऐवजावर होत नाही. आधी त्याचा हॅश, म्हणजे सगळ्या मजकुरावरून निघणारा एक ठरावीक लांबीचा आकडा, काढतात."

"हॅश मला शिकवू नकोस," मामा हसले. जप्त केलेल्या हार्ड डिस्कचा हॅश त्यांनी कितीदा काढला असेल. मूळ डिस्क आणि तिची नक्कल यांचा हॅश तोच आला पाहिजे. एक स्वल्पविराम बदलला तरी सगळाच्या सगळा आकडा बदलतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात हॅश लिहावाच लागतो. "मुद्देमालाला कुणी हात लावला नाही हे न्यायालयात त्याच आकड्यावर उभं राहतं."

"मग तुम्हीही माझ्याच गणितावर उभे आहात."

"होय. पण तुझी सार्वजनिक किल्ली तुझीच आहे हे कोण सांगणार?"

ते सांगायला प्रमाणन संस्था असतात. त्या माणसाची कागदपत्रं तपासतात, 'ही किल्ली या व्यक्तीची' असं प्रमाणपत्र देतात आणि त्यावर स्वतःची सही करतात. त्या संस्थांच्या वर नियंत्रक असतो, त्याच्या किल्लीवर साखळी संपते. भारतात ही व्यवस्था 17 ऑक्टोबर 2000 रोजी लागू झालेल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानं उभी केली. त्या कायद्याचं कलम 42 मी मामांना वाचून दाखवलं. ज्याच्या नावावर प्रमाणपत्र आहे त्यानं आपली खासगी किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवली पाहिजे आणि ती दुसऱ्या कुणाला कळू नये म्हणून खबरदारी घेतली पाहिजे, असा त्याचा आशय. "दुसरी प्रत कुणाकडेही असली, अगदी सरकारकडे असली, तरी 'ही सही मी केली नाही' असं मी न्यायालयात म्हणू शकते. मग सगळ्या ई-सह्यांवर पाणी."

"आता त्याच कायद्याचं 69 वाच."

ते मला पाठ होतं. राष्ट्राची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, गुन्ह्याचा तपास अशा कारणांसाठी लेखी आदेश काढून सरकार माहिती उलगडून मागू शकतं. जो सहकार्य करणार नाही त्याला सात वर्षांपर्यंत कैद. एकाच कायद्यात 42 आणि 69 शेजारी नांदतात, आणि आमचा सारा वाद त्या दोन कलमांमधल्या अंतराचा आहे.

"वॉरंट घेऊन मी घराची झडती घेतो," मामा म्हणाले. "टपाल उघडतो, टेलिफोन ऐकतो. त्यावर देखरेख असते, नोंद असते. पुट्टस्वामीसाहेब आमच्याच हायकोर्टाचे न्यायमूर्ती. त्यांच्या याचिकेवर 24 ऑगस्ट 2017 ला नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. तोही निकाल हा अधिकार निरपवाद आहे असं म्हणत नाही. कायदा असावा, गरज असावी आणि उपाय गरजेच्या प्रमाणात असावा. या तिन्ही अटी मी पाळतो. मग माझ्यासाठी एक किल्ली ठेवायला काय हरकत?"

"हरकत शेवटच्या अटीवर आहे, प्रमाणावर. वॉरंट एका घराचं असतं. तुम्ही मागता ती किल्ली देशातल्या सगळ्या घरांना लागते, आणि ती बनवायची तर आधी प्रत्येक घराच्या दारात भोक पाडावं लागतं. 2004 मध्ये अथेन्सच्या ऑलिंपिकच्या सुमारास ग्रीसमध्ये हेच घडलं. कायदेशीर टेहळणीसाठी टेलिफोन एक्सचेंजच्या यंत्रणेत जी सोय होती, तीच अनोळखी लोकांनी गुपचूप सुरू केली आणि पंतप्रधानांसह शंभरावर लोकांचे फोन महिनोन्महिने ऐकले. 2024 मध्ये अमेरिकेत तसंच झालं. न्यायालयाच्या आदेशानं फोन ऐकण्यासाठी टेलिफोन कंपन्यांनी ज्या यंत्रणा ठेवल्या होत्या, तिथपर्यंत चिनी घुसखोर पोचल्याचं उघड झालं. त्यानंतर तिथल्याच सरकारी सायबर यंत्रणेनं बड्या अधिकाऱ्यांना सल्ला दिला की दोन्ही टोकांना बंद असलेलीच संदेशसेवा वापरा. मागणारा प्रामाणिक आहे की चोर आहे हे गणिताला कळत नाही. किल्ली असली की ती ज्याच्या हातात पडेल त्याची."

"आपल्याकडे असं कुणी मागितलं?"

"सप्टेंबर 2015 मध्ये राष्ट्रीय एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा निघाला. त्यात नागरिकांनी आपल्या संदेशांचा उघडा मजकूर 90 दिवस जपून ठेवावा अशी अट होती. म्हणजे घरोघरी चोरासाठी माल तयार! लोक खवळले आणि दोन-तीन दिवसांत मसुदा मागे घ्यावा लागला. मग फेब्रुवारी 2021 चे नियम आले. मोठ्या संदेशसेवांनी आदेश आल्यावर संदेशाचा पहिला प्रेषक कोण ते शोधून द्यावं."

"त्यात काय वाईट? मला मजकूर नकोच आहे. अफवा पहिल्यांदा कुणी सोडली तेवढं सांगा. माणसं मारली गेली आहेत अफवांपायी."

"मारली गेली आहेत. पण उद्या कुठला संदेश अफवा ठरणार हे आज कुणाला माहीत असतं? म्हणून सगळ्यांच्याच, अगदी सुप्रभात म्हणणाऱ्यांच्याही, प्रत्येक संदेशाची खूण आधीपासून काढून ठेवावी लागेल. आणि ज्यानं तो पहिल्यांदा तिथे टाकला, त्यानं तो दुसरीकडून उचललेला असू शकतो. ते प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. एप्रिल 2024 मध्ये व्हॉट्सॲपच्या वकिलांनी तिथे सांगितलं की एन्क्रिप्शन मोडायला लावलं तर कंपनी देश सोडेल."

"जाऊ देत," मामा म्हणाले. पण ते काही मनापासून वाटलं नाही.

मग मी त्यांना विचारलं की मजकूर मिळाला नाही तर तपास खरंच थांबतो का. कोणी कोणाला कधी फोन केला, कुठल्या टॉवरखालून, कुठल्या सिमवरून, हे मिळतं. जप्त फोन उघडला की त्यातले संदेश मिळतात, कारण टोकाला ते उघडेच असतात. आणि फसवणुकीतला पैसा बँकेच्या एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातो, त्याचा माग राहतोच. 1930 या क्रमांकावर वेळेत तक्रार झाली तर तो वाटेत अडवताही येतो.

"वेळेत," मामा म्हणाले. "खाती भाड्याची असतात. एखाद्या पोराला चार पैसे देऊन त्याच्या नावावर उघडलेली. तक्रार नोंदवून होईपर्यंत पैसा दहा खात्यांतून फिरून देशाबाहेर गेलेला असतो. तुझी ही यादी मी भाषणात वाचेन, पण त्या सत्तरीच्या माणसाला घरी जाऊन सांगू शकणार नाही."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. गणितात तर नाहीच. तरी तिसऱ्या किल्लीला माझा विरोध तसूभरही कमी झालेला नाही, कारण ती आली तर लुटारूंच्या हाती सापडणारा पहिला माणूस तोच सत्तरीचा असेल. त्याची बँक, त्याचे उपचारांचे कागद, त्याच्या मुलांशी होणारं बोलणं, सगळं एका चोरीत उघडं पडेल. गुन्हेगार मात्र दुसऱ्याच दिवशी परदेशातलं एखादं विनाकिल्लीचं ॲप उतरवून घेईल. पद्धती जगजाहीर आहेत, त्या पुन्हा लपवता येणार नाहीत.

"डिसेंबर 1984 मध्ये तुम्ही कुठे होता?" मी विचारलं.

"उप्पारपेट ठाण्यात. उपनिरीक्षक. लोकसभेच्या निवडणुकीचा बंदोबस्त होता, रात्रंदिवस."

"त्याच महिन्यात तुमच्या याच शहरात संगणक, प्रणाली आणि संकेतप्रक्रिया या विषयांवर एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिथे चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार या दोघांचा एक निबंध सादर झाला. कार्यवृत्तात पान 175 ते 179, म्हणजे पाचच पानं. आज ती पद्धत जगभर त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांनी आणि बेंगळुरूच्या त्या वर्षानं ओळखली जाते: बीबी84."

मला या गोष्टीचा अभिमान वाटतो, आणि बेंगळुरूत राहणाऱ्या फारच थोड्यांना ती माहीत असते याचं वाईटही वाटतं. किल्ली पोचवायची कशी, या जुन्या प्रश्नाला डिफी-हेलमननी गणितातून उत्तर दिलं होतं. या दोघांनी ते भौतिकशास्त्रातून दिलं. प्रकाशाचा एकेक कण पाठवायचा. त्याच्या कंपनाची दिशा दोन चौकटींपैकी एकीत ठरवायची, उभी-आडवी किंवा तिरपी. घेणारा प्रत्येक कणासाठी मनानंच एक चौकट निवडून मोजतो. नंतर दोघं उघडपणे फक्त चौकटींची नावं सांगतात. जिथे चौकट जुळली तेवढेच कण ठेवायचे, बाकीचे टाकून द्यायचे. साधारण निम्मे उरतात. त्यांचीच किल्ली. मधल्या माणसाला कोणता कण कुठल्या चौकटीतला हे माहीत नसतं. निम्म्या वेळा तो चुकीची चौकट लावतो, आणि चुकीच्या चौकटीत मोजलेला कण कायमचा बदलतो. प्रत्येक कण त्यानं मोजून पुढे पाठवला तर ठेवलेल्या कणांत सरासरी पंचवीस टक्के चुका निघतात. किल्लीतले थोडे बिट ताडून पाहिले की तो सापडला.

मामांचा चेहरा उजळला. "म्हणजे चोरून ऐकलं की आपोआप नोंद होते!"

"आणि इथे तिसरी किल्ली ठेवायला जागाच नाही."

"ते असू दे. माझा प्रश्न तोच आहे. त्या टोकाला तूच आहेस कशावरून? मधल्या माणसानं अख्खं टोकच आपलं उभं केलं तर?"

या प्रश्नाचा विचार त्या पाच पानांतही केलेला आहे. उघड्या वाटेवरचं बोलणं खरं कोणाचं हे ताडायचं, तर थोडी गुप्त किल्ली दोघांकडे आधीपासून असावी लागते. पुंजभौतिकी, म्हणजे क्वांटम भौतिकशास्त्र, ती किल्ली हवी तेवढी वाढवून देते. पहिली ओळख मात्र माणसांनाच करून घ्यावी लागते. आम्ही इतके दिवस गुप्ततेवर भांडत होतो, पण मामा सुरुवातीपासून ज्या जागी बोट ठेवत होते ती ओळखीची होती. तिथे मी पूर्णपणे त्यांच्या बाजूची आहे. माझं म्हणणं एवढंच की ओळख पक्की करायची असेल तर किल्ली एकाच माणसाच्या हाती राहिली पाहिजे. तिची प्रत निघाली की गुप्तता जाते आणि पाठोपाठ ओळखही जाते.

कागदावरची पद्धत आणि टेबलावरचं यंत्र यांतलं अंतरही मी त्यांना सांगितलं, कारण माझी रोजची लढाई तिथेच असते. 1989 मध्ये बेनेट, ब्रासार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिलं यंत्र बांधलं. कणांचा प्रवास होता सुमारे 32 सेंटिमीटरचा. पण कणाची दिशा बदलणाऱ्या भागाला वीज पुरवणारं उपकरण दिशेनुसार वेगळा आवाज करी. कान शाबूत असलेल्या माणसाला किल्ली नुसती ऐकू आली असती. सिद्धान्तात काही चूक नव्हती. आजही बहुतेक कुलपं गणितात तुटत नाहीत. कुणी किल्ली प्रोग्रॅममध्येच लिहून ठेवतो, कुणी चाचणीसाठी बनवलेला पासवर्ड तसाच सोडून देतो, तिथे तुटतात.

बेंगळुरूत हे काम पुढे चाललं आहे. सदाशिवनगरच्या रामन संशोधन संस्थेनं 2021 मध्ये दोन इमारतींच्या दरम्यान हवेतून प्रकाशकणांनी किल्ली पाठवून दाखवली. एप्रिल 2023 मध्ये केंद्र सरकारनं सुमारे 6,000 कोटी रुपयांचं राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर केलं, त्यात उपग्रहामार्फत 2,000 किलोमीटरपर्यंत अशी किल्ली पोचवण्याचं उद्दिष्ट आहे. घाईला कारण आहे. 1994 मध्ये पीटर शोर यांनी दाखवून दिलं की पुरेसा मोठा क्वांटम संगणक आला तर आरएसए आणि डिफी-हेलमन दोन्ही कोसळतात. म्हणजे 617 आकडी संख्येवर उभी असलेली आधारची सार्वजनिक किल्लीसुद्धा. तसा संगणक आज नाही. पण आज तारेवरून जाणारा बंद मजकूर साठवून ठेवायचा आणि यंत्र आलं की उघडायचा, हे कुणीही करू शकतं. म्हणून ऑगस्ट 2024 मध्ये त्याच अमेरिकी मानक संस्थेनं वेगळ्या गणितावरची तीन नवी मानकं प्रसिद्ध केली. बोटांचे ठसे जन्मभर बदलता येत नाहीत. त्यांच्यासाठी तरी हा बदल लवकर झाला पाहिजे, असं मला कळकळीनं वाटतं.

"हे सगळं सरकार आणि शास्त्रज्ञ बघतील," मामा म्हणाले. "मी काय करू?"

मी त्यांच्या फोनवर व्हॉट्सॲपमध्ये माझं नाव उघडून एन्क्रिप्शनचं पान दाखवलं. तिथे साठ आकडे असतात, पाच-पाचांचे बारा गट. आमच्या दोघांच्या किल्ल्यांवरून तयार झालेले. मधे कुणी तोतया बसला असेल तर माझ्या फोनवरचे आणि त्यांच्या फोनवरचे आकडे जुळणार नाहीत. मामांनी बाराही गट मोठ्यानं वाचले, मी माझ्या फोनवर ताडत गेले. सगळे जुळले.

"फोन बदलला की?"

"आकडा बदलतो. पुन्हा ताडावा लागतो."

"मला कळणार कसं तो बदलला ते?"

"सूचना येते. पण ती मुळात बंद असते, सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावी लागते."

"बंद का ठेवलीय?" मामांचा आवाज चढला. "जी एक गोष्ट माणसाला सांगायला हवी, तीच बंद! हे तू लिही. आणि तुझ्या त्या 69 बद्दल माझं मत बदललेलं नाही, तेही लिही."